शेरा : उपजत समज नाही

सोमवार, ५ फेब्रुवारी

ही दैनंदिनी मी खुशीने लिहीत नाही, हे पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो. सत्तावीस वर्षं गणित शिकवतोय. मला आकडे लिहिण्याची सवय आहे, मनातलं लिहिण्याची नाही. पण नव्या मुख्याध्यापिकाबाईंचं फर्मान आहे, आणि फर्मानापुढे शहाणपण चालत नाही.

झालं असं. गेल्या आठवड्यात बाईंनी नववीच्या मुलांना एकेक चिठ्ठी दिली. नाव न घालता लिहायचं, अभ्यासात यश कशामुळे मिळतं? आज त्या चिठ्ठ्या शिक्षकांच्या खोलीत वाचल्या. काही उतरवून घेतल्या आहेत.

‘डोक्यामुळे. ते जन्मतःच मिळतं.’

‘पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना मिळतं. तिथली जागा भरलेली आहे.’

‘आमच्या घरात गणित कोणालाच आलं नाही. आत्याला तर पाढेसुद्धा नाहीत.’

‘निळ्या पेनाने. काळ्याने मी दोनदा नापास झालो.’

‘हुशार मुलांना एकदा सांगितलं की कळतं. मला तीनदा लागतं, म्हणून मी विचारतच नाही.’

मी म्हटलं, “पेनाचं सोडलं तर मुलं अगदी बरोबर बोलतायत. आपण उगाच पालथ्या घड्यावर पाणी ओततो, हे त्यांनाही कळतं.” एखाद्याने सात आठे चोपन्न म्हटलं की मी ज्या नजरेने त्याच्याकडे बघतो, त्याच नजरेने बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मग योजना बाहेर आली. प्रत्येक शिक्षकाने स्वतःला मुळीच न येणारी एक गोष्ट शाळेतल्याच एका विद्यार्थ्याकडून शिकायची. मुदत चार आठवडे. शेवटी सगळ्यांसमोर करून दाखवायची. रोजची हकिगत वहीत लिहायची, वही बाई वाचणार नाहीत. चिठ्ठ्या उचलल्या. भाषेच्या सरांना शिवणकाम आलं, विज्ञानाच्या बाईंना बुद्धिबळ. मला पोहणं.

शिकवणार कोण, तर नववी ‘ब’मधली शेवटच्या बाकावरची मुलगी. तिचे वडील शाळेशेजारच्या तरणतलावाची देखभाल करतात आणि ही सकाळी लहान मुलांना पोहायला शिकवते. गळ्यात कायम शिट्टी अडकवलेली असते म्हणून सगळी शाळा तिला शिट्टीच म्हणते. सहामाहीत तिला गणितात पन्नासपैकी सहा होते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज कामाचं. दहावीत कोणाला पूर्ण गणित द्यायचं आणि कोणाला सोपं, याची यादी दरवर्षी मीच करतो. १७ मार्चला ती बाईंकडे द्यायची. सोप्या गणितात गेलेल्यांना पुढे तांत्रिक शिक्षणाची दारं बंद होतात, पण दार उघडं ठेवून तरी ते आत जाणार होते थोडेच. सात नावं निघाली. कारणाच्या रकान्यात पहिल्या नावापुढे लिहिलं, ‘उपजत समज नाही’. खाली सहा वेळा ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा केल्या. दहा मिनिटांत काम उरकलं. पहिलं नाव शिट्टीचं आहे. सही यादी देताना करतो, तशी माझी पद्धत आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सकाळी सहा वाजता तलावावर. वय चोपन्न, वजन लिहीत नाही. टोपी घातल्यावर माझं डोकं एवढं मोठं आहे हे मला नव्यानेच कळलं.

सत्तावीस वर्षं मी फळ्यावर हौद भरतोय आणि रिकामे करतोय. आज पहिल्यांदा एकात उतरलो. उथळ बाजूला पाणी कमरेपर्यंत होतं, पण पाणी थंड असलं की कंबर आपोआप वर सरकते. माझ्या तुकडीत मी आणि सहा-सात वर्षांची नऊ पोरं. त्यातली नारिंगी फुगे दंडाला बांधलेली एक चिमुरडी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आजोबा, तोंड पाण्यात घाला. काही होत नाही.” मी म्हटलं, “मला सर म्हणतात.” ती म्हणाली, “बरं. सर आजोबा, तोंड घाला.”

घातलं. नाकातोंडात पाणी गेलं. शिट्टी वर्गात बोलत नाही, इथे तिचा आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतो. तिचे वडील कडेला जाळीने पाला काढत होते. बोलले काही नाहीत, पण पाला काढताना कोणी इतकं हसत नाही.

आज फक्त श्वास सोडायला शिकलो. म्हणजे शिकवला गेला, मला आला नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज निष्कर्षाला आलो. मला पोहणं येणार नाही. शरीराची ठेवण असते एकेकाची. काहींचं अंग उपजतच तरंगतं, माझं नाही. शिवाय आमच्या घराण्यात पोहणं नाहीच.

हे ताईला फोनवर सांगितलं. ताई म्हणाली, “अरे, काय बोलतोस? बाबा नदी पोहून शाळेत जायचे. दप्तर डोक्यावर बांधून. मी पोहते, धाकटी पोहते. तुला पाण्याजवळ नेलं की तू असा गळा काढायचास की आईने नेणंच बंद केलं.”

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पण एका उदाहरणाने सिद्धांत मोडत नाही. तीन उदाहरणांनीही लगेच मोडेल असं नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

परवा वाचनालयातून पोहण्याचं पुस्तक आणलं. कोणत्याही विषयाला मूलतत्त्वांपासून हात घालावा लागतो. हाताचा कोन, पायाची लय, श्वासाची वेळ, सगळ्याचं टिपण काढलं आणि पाठ केलं. काल संध्याकाळी गादीवर पालथा पडून सराव करत होतो. पुस्तक समोर उघडं. हात तीन वेळा, मान उजवीकडे, श्वास.

आमची ही दारात उभी होती. किती वेळ, देव जाणे. म्हणाली, “अहो, गादीवर कोणी बुडत नाही.”

मी म्हटलं, “पाया पक्का करतोय.”

“करा. पण उशी ओली करू नका.”

आज सकाळी पाण्यात उतरलो तेव्हा टिपणातला एकही शब्द आठवला नाही. पाण्यालाच दोष आहे. तिथे फरशी निसरडी, चष्मा काढावा लागतो, आणि क्लोरीनमुळे विचार नीट होत नाही. हे हिला सांगितलं तर म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

शनिवार, १७ फेब्रुवारी

श्वास. माझं सगळं घोडं तिथेच अडलंय. तोंड बाहेर काढून घ्यायचा आणि पाण्यात सोडायचा, हे ऐकायला सोपं आहे. मी नेमका उलटा करतो. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं. शेवटी मलाच लाज वाटून म्हटलं, “फार वेळा विचारतोय का गं?”

“अकरा वेळा विचारलंत सर,” शिट्टी म्हणाली. “मी मोजत नव्हते, ती छोटी मोजत होती.”

नारिंगी फुग्यांनी अभिमानाने मान हलवली.

“कंटाळा नाही येत तुला?”

“कशाला येईल? प्रत्येक वेळी तुम्ही वेगळ्याच ठिकाणी अडकलेले असता. आधी मान उशिरा वळवत होतात. मग वळवत होतात, पण श्वास आधीच संपवत होतात. आता फक्त घाबरताय. म्हणजे पुढे गेलात की.”

अकराव्यांदा विचारणारा पुढे गेलेला असतो, असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी बोलायला हुशार आहे. गणितात ही हुशारी जाते कुठे, कोण जाणे.

बुधवार, २१ फेब्रुवारी

हे पान कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो.

आज शिट्टी म्हणाली, “सर, उथळ बाजूला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवं जाऊन दाखवा. बारा मीटर.” निघालो. चार मीटरवर दम गेला. आणि मग, कसं झालं ते मलाही सांगता येणार नाही, माझे पाय खाली टेकले. पण हात मी थांबवले नाहीत. वरून हात मारत, तोंड पाण्यात घालत, खालून चक्क चालत मी पलीकडे पोचलो. भिंतीला हात लावला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टीचे वडील म्हणाले, “वा सर!”

शिट्टी म्हणाली, “छान. आता दोन दिवस श्वासच करू.” तिला काही कळलं नाही. पाणी हलत असताना खालचं दिसत नाही.

शाळेत सांगून बसलो की रुंदी पार केली. भाषेच्या सरांनी स्वतः शिवलेल्या रुमालाने मला वारा घातला. घास गोड लागला नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

नववी ‘ब’च्या गृहपाठाच्या वह्या तपासल्या. पाचव्या गणिताचं उत्तर अकरा वह्यांत एकसारखं चुकलेलं, अगदी उणे चिन्ह विसरण्यापर्यंत. मूळ वही पहिल्या नंबराची, म्हणजे दरवर्षी पहिल्या येणाऱ्या त्या चष्मेवाल्या मुलाची. बाकीच्या दहांनी डोळे झाकून उतरवलेलं. यादीतले सातही त्यात, शिट्टीसुद्धा.

मी दहांना उभं केलं आणि सुरुवात केली, “फसवता कोणाला? मला की स्वतःला?” हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो. पुढची दोन वाक्यंही ठरलेली आहेत. आज ती तोंडातून बाहेरच पडेनात. कालचे माझे पाय डोळ्यांसमोर आले. मी विचारलं, म्हणजे खरंच विचारलं, “का उतरवता रे?”

मग कोपऱ्यातून चित्रकार बोलला. हा दिवसभर वहीच्या मागे चित्रं काढतो, तोही यादीत आहे. “सर, वही कोरी दिसली की तुम्ही सगळ्यांसमोर उभं करता. भरलेली असली की नुसती बरोबर-चूक करता.”

मी म्हटलं, “बसा.” मग पहिल्या नंबराला विचारलं, तुझं का चुकलं? तो पांढराफटक पडला. तास संपल्यावर माझ्यामागे जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, “सर, मला तो भाग कळलाच नव्हता. पण मला कळलं नाही, असं मला म्हणता येत नाही ना.”

त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन नुसता बसलो.

शनिवार, २४ फेब्रुवारी

पोहून झाल्यावर कपडे बदलून बाहेर आलो, तर तलावामागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पंप आणि पाणी गाळायचं यंत्र. शिट्टी जमिनीवर बसून यंत्राच्या पाठीकडे बघत होती.

“बिघडलंय?” मी विचारलं.

“महिन्यातून दोनदा बिघडतं. मेकॅनिक येतो, बाबांना बाहेर उभं करतो, दार लावून घेतो. दहा मिनिटांत बाहेर येतो. बाबा चौदा वर्षं हे सांभाळतायत, पण आत काय आहे ते त्यांनी एकदाही बघितलं नाही.” मग म्हणाली, “मला ते उघडायचंय. त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दहावीला पूर्ण गणित लागतं.”

“मग?”

“मग काय सर. मला माहितीय यादी असते. दरवर्षी असते.” हे तिने असं म्हटलं की जणू उद्या तलाव बंद आहे एवढंच सांगतेय. “आणि मला डोकं नाही हेही माहितीय. मला तीनदा सांगावं लागतं.”

ती चिठ्ठी हिची होती तर.

घरी येऊन यादी काढली. सही केलेली नाही अजून. तशीच परत ठेवली.

सोमवार, २६ फेब्रुवारी

आजपासून नवीन व्यवस्था. सहा ते पावणेसात ती मला शिकवणार. पावणेसात ते साडेसात मी तिला, तिथेच प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर. तिच्या वडिलांनी पायरी पुसून दिली आणि मला खुर्ची आणली. मी पायरीवरच बसलो, खुर्चीवर टॉवेल वाळत घातला.

समीकरण सांगितलं. तिने मान डोलावली. मी म्हटलं, “कळलं?” मान डोलावली. म्हटलं, “सोडव बघू.” पेन हलेना.

“अगं, मग विचारत का नाहीस?”

“तुम्ही म्हणता ना सर, मी एकदाच सांगतो.”

“ते शिस्तीसाठी म्हणतो. ते काही शब्दशः घ्यायचं नसतं.”

“आम्ही सगळे शब्दशःच घेतो,” ती म्हणाली.

गेल्या सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी रोज निदान दोनदा म्हटलं असेल. किती मुलांनी ते शब्दशः घेतलं असेल याचा हिशेब करायला बसलो होतो, मग सोडून दिला. काही हिशेब न केलेलेच बरे.

गुरुवार, १ मार्च

हौदाचं गणित. नळाने हौद बारा तासांत भरतो, बुचातून अठरा तासांत रिकामा होतो. दोन्ही चालू ठेवले तर किती तासांत भरेल?

शिट्टी म्हणाली, “नळ चालू ठेवून खालचं बूच कोण उघडं ठेवतं?”

“आपण ठेवतो की,” तिचे वडील पलीकडून म्हणाले. “रोज. गाळायला पाणी खालून जातं ना.”

ती विचारात पडली. मग ओल्या बोटाने फरशीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “छत्तीस तास.”

मी चाट पडलो. कसं काढलंस, तर म्हणे, “छत्तीस तास दोन्ही चालू राहू दे. तेवढ्यात नळाने तीन हौद पाणी आणलं, बुचाने दोन हौद घालवलं. उरला एक.”

“छत्तीसच का घेतलेस?”

“दोघांचे फेरे तिथे एकदम पुरे होतात.”

मी सत्तावीस वर्षं एक भागिले बारा वजा एक भागिले अठरा करतोय. इतकं सुटसुटीत उत्तर मला कधी सुचलं नाही. आणि हे कोणी पेपरात लिहिलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक आहे. ‘रीत दाखवलेली नाही’ म्हणून दोन गुण कापले असते.

आता हेच क्ष घेऊन मांड म्हटलं, तर गाडी पुन्हा अडली. पण या वेळी तिने विचारलं. मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताना कान लाल झाले होते तिचे, पण विचारलं. आणि खरंच, तिन्ही वेळा ती वेगळ्याच ठिकाणी अडकलेली होती. लक्ष दिलं की दिसतं ते.

शनिवार, ३ मार्च

पायरीवर आज आठ जण. यादीतले सात आणि पहिला नंबर. कोणी बोलावलं, विचारलं तर सगळे आकाशाकडे बघायला लागले. पहिला नंबर सगळ्यांत खालच्या पायरीवर बसून म्हणाला, “सर, इथे चुकलं तर चालतं ना?” मी म्हटलं, “माझ्याकडे बघून कळत नाही का?” माझ्या डोक्यावर टोपी तशीच होती. पोरं हसली, मीही हसलो.

चित्रकाराने मात्र वेगळंच सांगितलं. “सर, मला गणित कळतं थोडं थोडं. पण मला सोपंच हवंय. उरलेला वेळ मला चित्रांना पाहिजे.” मी त्याच्या वडिलांशी बोललो. त्यांचंही तेच म्हणणं. मग ठीक आहे. माणसाने स्वतः दार लावून घेणं वेगळं.

बुधवार, ७ मार्च

प्रात्यक्षिकाचा दिवस. विज्ञानाच्या बाई आठवीतल्या मुलाकडून सतरा चालींत हरल्या. भाषेच्या सरांनी शर्ट शिवला, एक बाही लांब. सर्वांत शेवटी मी. अख्खी शाळा तलावाभोवती.

मी खोल बाजू मागितली. शिट्टीने माझ्याकडे बघितलं आणि ती बचावाच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

बारा मीटर. पुस्तकात त्या प्रकाराचं चित्र नाही. बेडूक म्हणावं तर बेडकाचा अपमान होईल. सहाव्या मीटरवर पाणी प्यालो, आठव्यावर दुसऱ्यांदा. खाली फरशी नव्हती, त्यामुळे मोह होण्याचा प्रश्नच नव्हता. इतका वेळ लागला की मध्येच पुढच्या तासाची घंटा झाली आणि कोणी हललं नाही. भिंतीला हात लागला तेव्हा नारिंगी फुगेवाली कठड्यावरून ओरडली, “सर आजोबा, श्वास बरोबर होता!”

आमची ही पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, “बुडाला असतात तर मी उडी मारली असती.” मी म्हटलं, “तुला पोहता येतं?” म्हणाली, “नाही. उद्यापासून मलाही न्या.”

माझ्या आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

शनिवार, १० मार्च

काल सहा जणांचा पुन्हा पेपर घेतला. पन्नास गुणांचा, पास व्हायला अठरा; पास झाला की नाव यादीतून कमी. आज तपासला. पाच जण सुटले. एकाला अठरा, एकाला तेवीस, बाकीचे मध्ये कुठेतरी.

शिट्टीला सतरा.

पेपर तीनदा वरून खालपर्यंत बघितला. एक गुण कुठे राहिलाय का? गुणाकार, चिन्हं, अर्धवट पायऱ्या, सगळं पुन्हा मोजलं. नाही. कुठेच नाही. सहावरून सतरावर आलेली मुलगी एका गुणाने बाहेर राहते आणि माझ्या हातात लाल पेन आहे. मी आजवर कोणाला अर्धा गुण जास्त दिलेला नाही. आज द्यायचं ठरवलं. तलावावर गेलो, पेपर तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “चौथ्या प्रश्नात एक गुण निघतो माझ्या मते.”

तिने चौथा प्रश्न बघितला. “नाही निघत सर. उत्तर चूक आहे.”

“रीत बरोबर होती.”

“रीतही अर्धीच आहे.” पेपर परत माझ्या हातात दिला. “सर, त्या दिवशी तुम्ही पाय टेकवून रुंदी पार केलीत, ती मी धरली का?”

मला वाटलं, खालची फरशी सरकली.

“तुला माहीत होतं?”

“माझं कामच ते आहे. पाय टेकणारा माणूस खांद्यांवरून कळतो.” ती अजिबात रागावलेली नव्हती. “तेव्हा बोलले असते तर तुम्ही येणंच बंद केलं असतं. म्हणून नाही बोलले. पण धरलीही नाही.”

मी चोपन्न वर्षांचा माणूस. चौदा वर्षांच्या मुलीसमोर मान खाली घालून उभा होतो, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटत नव्हतं. हलकं वाटत होतं.

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“परत घ्या पेपर.”

माझ्याकडे आजवर कोणी पेपर मागून घेतलेला नाही. टाळलेत, चुकवलेत, एकाने तर पोटात दुखतंय म्हणून खरोखर लोळून दाखवलं. मागितला कोणी नव्हता.

सोमवार, १२ मार्च

बाईंना विचारलं, तिसरा पेपर नियमात बसतो का? म्हणाल्या, “किती पेपर घ्यायचे ते नियमात लिहिलेलंच नाही, सर. आजवर कोणी विचारलं नव्हतं.” मग म्हणाल्या, “यादी तुम्ही दरवर्षी मुदतीआधी देता म्हणे.” मी म्हटलं, “या वर्षी शेवटच्या दिवशी देईन.” त्या हसल्या. मला त्या बाई पहिल्यापासून आवडत होत्या, असं आता म्हणायला हरकत नाही.

पेपर काढायला दोन तास लागले. सोपा काढायचा मोह तीनदा झाला. काढला नाही. तिला कळलं असतं.

बुधवार, १४ मार्च

पेपर झाला, शाळा सुटल्यावर; पायरीवरची सगळी पोरं सोबत बसली होती. तिने दीड तासात दोनदा हात वर केला आणि विचारलं, “सर, या वाक्याचा अर्थ काय?” शेवटच्या बाकावरून. सगळ्यांसमोर. पहिल्या नंबराने मागे वळून बघितलं आणि मग त्यानेही हात वर केला. त्याचा पेपर नव्हताच, तो नुसता सोबत बसला होता.

शुक्रवार, १६ मार्च

यादी आजच देऊन आलो, एक दिवस आधी. सवय जात नाही. त्यावर एकच नाव आहे, चित्रकाराचं, आणि कारणाच्या रकान्यात ‘स्वतःच्या इच्छेने’. जुनी यादी फाडली. फाडताना सहा ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा दिसल्या आणि मला मनापासून लाज वाटली. किती वर्षांच्या किती याद्यांवर असल्या खुणा असतील. त्या मुलांचं काय झालं असेल, मला माहीत नाही. आता हे ओझं माझ्याजवळ राहणार आणि राहायलाच हवं.

यादी देऊन शिट्टीचा पेपर घेऊन तलावावर गेलो. संध्याकाळचे साडेचार. तिचे वडील जाळी टाकून धावत आले, मग अवघडून तीन पावलांवर उभे राहिले. मी पेपर तिच्या हातात दिला. पन्नासपैकी सव्वीस.

वडिलांनी आकडा बघितला आणि डोळ्यांना हात लावला. मला वाटलं आता ही उडी मारेल, ओरडेल, निदान ती शिट्टी तरी फुंकेल. ती पान उलटत राहिली. पहिलं, दुसरं, तिसरं. कपाळाला आठी पडली. मग मान वर करून, जरा चिडूनच, म्हणाली,

“सर, उरलेले चोवीस कुठे गेले?”

या प्रश्नासाठीच मी मास्तर झालो होतो बहुधा, आणि मला तो कोणी विचारावा अशी सोय मी कधी केलीच नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. क्लोरीन आहे म्हटलं, पण आज मी पाण्यात उतरलोच नव्हतो, हे तिघांनाही दिसत होतं.

मी पायरीवर बसलो, ती शेजारी बसली, तिचे वडील एक पायरी वर बसून आमच्या खांद्यांवरून वाकून बघू लागले. पहिल्या प्रश्नात तिचे दोन गुण गेले होते. तिथून सुरुवात केली.